शिकागो ते सिएटल गाडीने: वाटेत कुठे कुठे थांबावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. नवऱ्याची नोकरी सिएटलला हलते आहे. सामान ट्रकने पुढे जाईल आणि आम्ही जूनच्या शेवटी शिकागोहून गाडीने निघू. बरोबर दोन मुलं आहेत, मोठी सातवीत आणि धाकटा दुसरीत. शिवाय सांगलीहून आलेले सासू-सासरे. बाबांना इतिहास-भूगोलाची मनापासून आवड आहे. आईंचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर मैलभर चालतात, पायऱ्या नको म्हणतात. हाताशी दीडेक आठवडा आहे.

यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या राहण्याचं बुकिंग झालंय. प्रश्न आहे त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. नकाशावर मिनेसोटा, साऊथ डकोटा आणि वायोमिंग बघितलं की नुसता मका आणि गवत दिसतं. "तेवढं अंतर विमानाने जा, तिथे काही नाही" असं बरेच जण सांगतायत. पण आई-बाबांना हा देश जमिनीवरून दाखवायची फार इच्छा आहे. आय-९० हायवे धरायचा एवढं ठरलंय. कुठे थांबावं, कुठे मुक्काम करावा, काय सोडलं तर चालेल?

वाटसरू

कृष्णाकाठ, गाडीनेच जा. "तिथे काही नाही" म्हणणाऱ्यांनी तो भाग बहुतेक रात्री गाडी हाकत काढलेला असतो.

मी डकोटात राहून आलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पहिल्या दिवशी फार थांबू नका. विस्कॉन्सिन ओलांडताना ला क्रॉसपाशी मिसिसिपी लागते, तिथे नदीकाठी डबा खा. मग मिनेसोटा एका दमात. मुलं कंटाळली तर ब्लू अर्थ गावात हिरव्या राक्षसाचा ५५ फुटी पुतळा आहे, भाज्यांच्या डब्यावर असतो तोच. दहा मिनिटं पुरतात. मुक्काम सू फॉल्सला करा. गावाच्या मधोमध बिग सू नदी गुलाबी क्वार्टझाइटच्या खडकांवरून उड्या घेत जाते. बागेत फरसबंद वाटा आहेत, आईंना काही त्रास नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो खडक अगदी खुलतो.

दुसऱ्या दिवशी मिचेलचा कॉर्न पॅलेस. लोक याला "पर्यटकांचं खूळ" म्हणून सोडतात, मला ते पटत नाही. आख्ख्या इमारतीच्या भिंती मक्याच्या कणसांनी मढवलेल्या असतात. वेगवेगळ्या रंगांची कणसं उभी चिरून, खिळ्यांनी ठोकून चित्रं केलेली, आणि चित्रांचा विषय दरवर्षी बदलतो. परंपरा १८९२ पासूनची आहे, सध्याची इमारत १९२१ ची. ज्या घरात शेती आहे त्या माणसाला ते बघून आनंद होतो, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलंय. ते दाणे दाबून बघत होते, कुठलं वाण म्हणून.

पुढे चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडाल. पुलाच्या अलीकडच्या रेस्ट एरियात नक्की थांबा. तिथे 'डिग्निटी' नावाचा स्टेनलेस स्टीलचा उंच पुतळा आहे, अंगावर गोधडी पांघरलेली मूळनिवासी स्त्री. २०१६ साली उभारला. गोधडीवरचे निळे चौकोन वाऱ्याने हलतात. खाली मिसुरीचं विस्तीर्ण पात्र. आणि इथून देश बदलतो: नदीच्या पूर्वेला शेतं, पश्चिमेला कुरणं. हा बदल विमानातून कळत नाही. राज्याच्या मध्यावर घड्याळही एक तास मागे जातं, हॉटेलला वेळ कळवताना लक्षात ठेवा.

मेतकूट

+१ गाडीने जाण्याला. आई-बाबांबरोबर जाताय म्हणून थोडं जेवणाचं लिहिते.

सू फॉल्स सोडल्यावर शाकाहारी जेवण मिळवणं जिकिरीचं होतं. मेक्सिकन ठिकाणी बीन्स घेताना त्यात डुकराची चरबी आहे का ते विचारा, बऱ्याच जागी असते. मी छोटा इलेक्ट्रिक कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, थालीपीठाची भाजणी आणि लोणचं नेते. दुपारसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या दुधात भिजवल्या की तीन दिवस नरम राहतात. कूलबॉक्समधला बर्फ रोज मोटेलच्या मशीनमधून बदलायचा. पण खोलीत शिजवायला बऱ्याच मोटेलांत परवानगी नसते, म्हणून बुकिंग करतानाच छोटं स्वयंपाकघर असलेली खोली शोधा. एक रात्र वरणभात पोटात गेला की वडीलधाऱ्यांचा पुढचा दिवस सुखाचा जातो.

आई-बाबांचा व्हिजिटर विमा आणि औषधांच्या चिठ्ठ्या हाताशी ठेवा. यलोस्टोनचा बराच भाग साडेसात ते आठ हजार फुटांवर आहे, पाणी सारखं पाजत राहा.

कृष्णाकाठ

वाटसरू, मेतकूटताई, मनापासून आभार. कॉर्न पॅलेस पक्का, बाबांची शेती आहे मिरजेजवळ. चेंबरलेननंतर बॅडलँड्स आणि माउंट रशमोर एका दिवसात होईल ना?

वाटसरू

होईल, पण करू नका. बॅडलँड्सच्या त्या झिजलेल्या, रंगीत मातीच्या कड्यांपाशी दुपारी पोचलात तर भकास वाटेल. डोक्यावरच्या उन्हात सगळे रंग मरतात. संध्याकाळी आत शिरा, जवळपास मुक्काम करा आणि सकाळी परत एक चक्कर मारा. आय-९० च्या १३१ नंबरच्या एक्झिटला उतरायचं, २४० नंबरचा लूप रस्ता धरायचा आणि वॉल गावात परत हायवेला लागायचं. जवळजवळ सगळे देखावे रस्त्याकडेला आहेत, आईंना दार उघडून दहा पावलं टाकली की झालं. डोअर ट्रेलची सुरुवात लाकडी फळ्यांची आहे, तेवढी त्याही जातील. नॉच ट्रेलला लाकडी ओंडक्यांची उभी शिडी आहे, ती मोठ्या मुलीला आवडेल. पाऊस पडून गेला असेल तर मात्र जाऊ नका, ती माती साबणासारखी निसरडी होते.

त्याच एक्झिटपाशी मिनिटमन क्षेपणास्त्रांचं केंद्र आहे. शीतयुद्धात या कुरणाखाली अण्वस्त्रं पुरून ठेवली होती. पुढे ११६ नंबरच्या एक्झिटपाशी एका सायलोतलं, म्हणजे जमिनीखालच्या विहिरीतलं, निकामी क्षेपणास्त्र काचेतून बघता येतं. बाबांसाठी अर्धा तास काढाच.

वॉलचं औषधाचं दुकान म्हणजे आता मोठा बाजार झालाय. १९३१ साली घेतलेलं हे दुकान चालेना, तेव्हा मालकिणीला कल्पना सुचली की तापलेल्या वाटसरूंना फुकट बर्फाचं पाणी द्यावं. १९३६ मध्ये रस्त्यावर पाट्या लावल्या आणि गर्दी लोटली. पाणी अजून फुकट आहे, कॉफी पाच सेंट. मुलांना मजा येते.

पिंपळपान

रशमोरबद्दल थोडं वेगळं मत मांडते.

वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन यांचे ६० फुटी चेहरे १९२७ ते १९४१ या काळात कोरले. कारागिरी म्हणून नक्कीच बघण्यासारखं आहे. पण तो डोंगर कुणाचा होता हे आधी मुलांना सांगा. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात ब्लॅक हिल्स, म्हणजे ही सगळी डोंगररांग, लकोटा आणि इतर सू मूळनिवासींकडे राहील असं अमेरिकेने कबूल केलं होतं. पुढे सोनं सापडलं आणि डोंगर काढून घेतले. १९८० साली सुप्रीम कोर्टाने भरपाई द्या असा निकाल दिला. ते पैसे लकोटांनी आजवर उचललेले नाहीत, त्यांना जमीन हवी आहे.

म्हणून रशमोरइतकाच वेळ क्रेझी हॉर्सला द्या, म्हणजे त्या नावाच्या लकोटा योद्ध्याच्या डोंगरात कोरल्या जाणाऱ्या शिल्पाला. लकोटा नेते हेन्री स्टँडिंग बेअर यांनी बोलावल्यावरून कोर्चाक झिओल्कोव्स्की या शिल्पकाराने १९४८ मध्ये काम सुरू केलं. चेहरा १९९८ साली पुरा झाला, बाकी काम अजून चालू आहे. सरकारी पैसा घ्यायचा नाही हे त्यांनी सुरुवातीपासून पाळलं. खुद्द लकोटांमध्येही याबद्दल दोन मतं आहेत. पवित्र डोंगर आणखी फोडायचा का, असं विचारणारेही आहेत. तिथलं मूळनिवासींचं संग्रहालय मला शिल्पाहून मोलाचं वाटलं.

आणि एक पूर्ण दिवस कस्टर स्टेट पार्कला. वाइल्डलाइफ लूपवर गव्यांचे, म्हणजे बायसनचे कळप अगदी गाडीला खेटून जातात. आयर्न माउंटन रोडच्या बोगद्यांतून रशमोरचे चेहरे बरोबर चौकटीत दिसतात. नीडल्स हायवेचा एक बोगदा फार अरुंद आहे, मोठी व्हॅन असेल तर आधी मापं बघून घ्या.

कोकणकडा

पिंपळपान, क्रेझी हॉर्सला अनुमोदन, पण रशमोर उरकून टाका असा अर्थ कुणी काढू नये. माझ्या आईला तिथली रात्रीची रोषणाई अजून आठवते. भारतातून आलेल्या माणसांनी ज्या जागांची चित्रं लहानपणापासून पाहिलेली असतात, त्या प्रत्यक्ष बघण्याचं समाधान निराळं असतं. दोन्ही करा.

गारगोटी

धागा आत्ता बघितला. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे बाबांच्या भूगोलासाठी लिहिते. या वाटेवर एक सलग गोष्ट आहे, ती तुटक बघितली तर निसटते.

बॅडलँड्समध्ये खालचा काळपट थर म्हणजे जुन्या समुद्राचा तळ. त्यावरचे पिवळे, लालसर, राखाडी पट्टे नद्यांनी आणलेल्या गाळाचे आणि ज्वालामुखीच्या राखेचे. गाळ साठायला कोट्यवधी वर्षं लागली, पण झीज सुरू होऊन जेमतेम पाच लाख वर्षं झाली. वर्षाला साधारण एक इंच माती वाहून जाते. व्हिजिटर सेंटरमध्ये जीवाश्म साफ करणारी माणसं काचेपलीकडे काम करताना दिसतात, मुलांना त्यांच्याशी बोलू द्या.

मग डेव्हिल्स टॉवर. हायवेपासून अर्ध्या-पाऊण तासाचा वळसा आहे, अजिबात सोडू नका. पायथ्यापासून ८६७ फूट उंच, थंड होताना तडकलेल्या शिलारसाचे उभे खांब. १९०६ साली जाहीर झालेलं हे अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक. किओवा लोकांच्या कथेत अस्वलापासून पळणाऱ्या सात मुली खडकावर चढतात, खडक वर वर वाढत जातो आणि मुली आकाशात कृत्तिका होतात. खडकावरचे ओरखडे त्या अस्वलाच्या नखांचे. झाडांना रंगीत कापडं बांधलेली दिसतील, त्या प्रार्थना आहेत. हात लावू नये, फोटोही काढू नये. भोवतालची वाट फरसबंद, सव्वा मैलाच्या आसपास आहे, पण सुरुवातीचा चढ आईंना जड जाईल. त्यांना पायथ्याच्या कुरणात बसवा, तिथे प्रेअरी डॉगची, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यांची वसाहत आहे. बाकावर बसून तासभर सहज जातो.

तिथून यलोस्टोनला जाताना आय-९० सोडा आणि यूएस-१४ ने बिगहॉर्न पर्वत ओलांडा. या रस्त्यावर एक अपूर्व सोय आहे. खडकाचा थर बदलला की रस्त्याकडेला पाटी: थराचं नाव आणि वय. काही मैलांत तुम्ही कोट्यवधी वर्षं मागे जाता, माथ्यावरचा ग्रॅनाइट अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे. पाट्या मोठ्याने वाचायचं काम मुलांकडे द्या. उतारावर शेल फॉल्सला थांबा, धबधब्याचा देखावा गाडीतळाजवळच आहे. घाट लांब आहे, ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरवर उतरा.

मुक्काम कोडीला. तिथलं अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या इतिहासाचं संग्रहालय मोठं आहे, पण वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी हार्ट माउंटन सुचवेन. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना इथे काटेरी तारांमागे ठेवलं होतं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते. सातवीतल्या मुलीला ते समजेल, आणि या देशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना ते माहीत असायला हवं.

मेतकूट

गारगोटी, पाट्यांचं माहीतच नव्हतं. किती छान.

दूरदेशी

यलोस्टोननंतर ग्लेशियर नॅशनल पार्क जोडता येईल. गोइंग-टू-द-सन रस्ता म्हणजे स्वर्ग आहे.

वाटसरू

दूरदेशी, रस्ता सुंदर आहे यात वाद नाही. पण यलोस्टोनहून तिथे जायलाच अख्खा दिवस लागतो, आणि बर्फ काढून तो रस्ता पूर्ण उघडायला कधी कधी जुलै उजाडतो. दीड आठवड्यात नको. सिएटलला राहणारच आहेत, ग्लेशियर पुन्हा कधीही होईल. साऊथ डकोटाला मात्र माणूस मुद्दाम परत येत नाही. वेळ तिथे खर्च करा.

यलोस्टोनवर इथे वेगळे धागे आहेत, त्यामुळे थोडक्यात: सकाळी सातच्या आत बाहेर पडा. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो, अंदाजे वेळ तिथे लिहिलेली असते. अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, बायसनपासून २५ यार्ड अंतर. बायसन गरीब गाईसारखा दिसतो, पण माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो. धाकट्याचा हात लाकडी वाटेवर सोडू नका, बाजूचा पातळ कवचाखालचा भाग उकळता असतो.

पासचं एक: ज्येष्ठांचा पास फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतो, आई-बाबांना चालणार नाही. परदेशी पाहुण्यांचे दर वेगळे असू शकतात, निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या साईटवर बघून घ्या.

गारगोटी

यलोस्टोनच्या पलीकडचा भाग राहिला होता.

मोंटानात थ्री फोर्क्सला हायवेपासून काही मिनिटांवर जेफरसन, मॅडिसन आणि गॅलॅटिन या नद्या मिळून मिसुरी होते. चेंबरलेनला जी अफाट नदी ओलांडली, तिचा हा आरंभ. लुईस आणि क्लार्क १८०५ मध्ये इथे पोचले होते. फारसं कुणी नसतं. सांगलीच्या माणसांना संगमाचं महत्त्व मी काय सांगू!

पुढे ब्यूटला बर्कली पिट. तांब्याची ही उघडी खाण १९८२ साली बंद झाली, पंप थांबले आणि खड्डा आम्लयुक्त विषारी पाण्याने भरत गेला. सुंदर नाही, पण गावाच्या उशाला केवढा खड्डा राहिला ते स्वतः बघावं.

मग मिझुला. इथे गावाजवळच्या उघड्या टेकड्यांवर नीट बघा, एकाखाली एक आडव्या पुसट रेघा दिसतील. हिमयुगाच्या शेवटी इथे प्रचंड तलाव होता, त्याच्या काठाच्या त्या खुणा. पाणी अडवणारा बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटायचा आणि सगळा तलाव पश्चिमेला लोटायचा. त्या पुरांनी काय केलं ते वॉशिंग्टन राज्यात ड्राय फॉल्सला दिसतं: साडेतीन मैल रुंद, ४०० फूट उंच कडा, आणि पाणी नाही. मोझेस लेकपासून उत्तरेला तासाभराचा वळसा. देखावा गाडीतळालगतच आहे.

आणि कड्यातला खडक बघा. काळा बसाल्ट, थरावर थर. आपला सह्याद्री जसा जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा, तसाच हा कोलंबिया पठाराचा प्रदेश. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला बहुतेक दीड ते पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. बरेच भूशास्त्रज्ञ याचा संबंध यलोस्टोनखालच्याच उष्णबिंदूशी, म्हणजे खोलातून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या स्रोताशी लावतात. व्हँटेजपाशी कोलंबिया नदी ओलांडताना पलीकडच्या तीरावर थांबलात तर पायऱ्यापायऱ्यांचे कडे समोरच दिसतात.

कृष्णाकाठ

गारगोटी, तुझी पोस्ट बाबांनी दोनदा वाचून घेतली आणि वहीत उतरवली. ग्लेशियर रद्द. रशमोर आणि क्रेझी हॉर्स दोन्ही. जाऊन आल्यावर लिहीन.

कृष्णाकाठ

सिएटलला पोचलो, घर लागतंय. लिहायला उशीर झाला, पण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

कॉर्न पॅलेसला बाबा आत यायला तयार नव्हते, बाहेरच्या भिंतीपाशीच रमले. तिथल्या एका शेतकरी आजोबांशी त्यांनी मक्याच्या लागवडीवर गप्पा मारल्या. अर्ध्या खुणांनी, अर्ध्या इंग्रजीत. एकरी उत्पन्नाचा हिशोब दोघांनी तळहातावर बोटाने लिहून एकमेकांना समजावला. आईंना सगळ्यात आवडले ते डेव्हिल्स टॉवरचे प्रेअरी डॉग. एकजण पिल्लं बिळात ढकलून स्वतः दारात उभा राहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, घरचं मोठं माणूस."

बिगहॉर्नच्या पाट्या मुलांनी वाचल्या आणि लेकीने त्यांची यादी केली. हार्ट माउंटनला ती गप्प झाली होती. संध्याकाळी तिने विचारलं, "त्यांना परत घर मिळालं का?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. अनेकांना नाही मिळालं, हे तिला सांगितलं.

थ्री फोर्क्सला बाबांनी चपला काढून पाण्यात पाय बुडवले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. आणि व्हँटेजला गाडी थांबवायच्या आत म्हणाले, "अगं, हा तर आंबा घाट!" गारगोटी, त्यांनी लाखो-कोटींचे आकडे नवऱ्याला तिथेच सांगितले, वही न बघता.

एक सूचना पुढे जाणाऱ्यांसाठी: कस्टर पार्कमध्ये बायसनचा कळप रस्त्यावर बसला की अर्धा तास सहज जातो, त्या दिवशी पुढचं काही वेळेवर बांधून ठेवू नका. आणि साऊथ डकोटात दुपारी आभाळ काळं झालं की गारा पडतात. आम्ही पेट्रोलपंपाच्या छपराखाली थांबलो म्हणून काच वाचली.

कोकणकडा

वाचून फार आनंद झाला. आम्ही हीच वाट उलट्या दिशेने, सप्टेंबरअखेर करायचं म्हणतोय. चालेल का?

गारगोटी

चालेल, गर्दी कमी असते आणि यलोस्टोनमध्ये एल्क या मोठ्या हरणांच्या माजाचा काळ असतो, नरांच्या शिट्टीसारख्या हाका ऐकू येतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरात वणव्यांचा धूर असू शकतो, आणि सप्टेंबरअखेर यलोस्टोन आणि बिगहॉर्नच्या खिंडींत बर्फ पडू शकतं. रोज सकाळी वायोमिंग आणि मोंटानाच्या रस्ते खात्यांचे नकाशे बघा. यूएस-१४ बंद असेल तर बिलिंग्जवरून आय-९० नेच या. तसं झालं तर वाटेत लिटल बिगहॉर्नची रणभूमी लागेल, जिथे जून १८७६ मध्ये लकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकी सैन्यातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीचा पराभव केला. तिथे दोन तास ठेवा. दोन्ही बाजूंचे योद्धे जिथे पडले तिथे दगड लावलेत, आणि मूळनिवासींचं स्मारक २००३ साली झालंय. कस्टर स्टेट पार्कमध्ये बायसन गोळा करण्याचा मोठा कार्यक्रमही सप्टेंबरच्या शेवटाकडे असतो, तारीख बघून मुक्काम आधीच पकडा, त्या आठवड्यात आसपास खोल्या मिळत नाहीत.